रजेविना एकोणीस दिवस

तीनदा उत्तर आलं:
या नावाचा शिपाई आमच्या दफ्तरात नाही.
चौथ्यांदा मी नाव सोडून दिलं, नुसता नंबर पाठवला.
आजाच्या टिनाच्या पेटीत मनीऑर्डरचं कुपन होतं,
त्यावर सात पुसट आकडे,
शेवटचा तीन की आठ,
दोन्ही लिहून पाहिले.

आठवर सापडला.
इस्त्री लटारू, मुक्काम रामटेक.

इस्तारी लटारू रामटेके, चिचटोल्याचा,
ऐंशी वर्षं दुसऱ्याच गावात
कपड्याच्या इस्त्रीसारखा पडून होता.
कारकुनावर चिडणार होते, पण
सेतू केंद्रात मीही दिवसाला चाळीस नावं टाइप करते.
नेवाऱ्यांचं नेवरे होतं, भलाव्यांचं भालेराव,
माणसं म्हणतात, राहू द्या बाई,
काम झालं ना.

झेरॉक्सची दोन पानं.
उंची पाच फूट तीन.
छाती एकतीस, फुगवून तेहतीस.
ओळखीची खूण: डाव्या गुडघ्याखाली भाजल्याचा व्रण.
सहीच्या जागी अंगठा, कडेला शाई सांडलेली.
घरात त्याचा फोटो नाही.
टेप घेऊन दाराच्या चौकटीवर
पाच फूट तीनला मी पेन्सिलची रेघ मारली.
पोरगा पाठ टेकवून उभा राहिला,
म्हणाला, दोन बोटं राहिली.

जातीच्या रकान्यात जे आहे
ते आम्ही आता लिहीत नाही.
वारसाच्या रकान्यात: आई, झेलाबाई.
जमीन नव्हती, म्हणून पणजी सातबाऱ्यावर नाही.
पहिल्या मतदानाआधीच गेली, म्हणून यादीत नाही.
अख्ख्या सरकारात ती फक्त इथे सापडते,
पोराच्या मरणाची खबर कुणाला द्यायची
त्या ओळीत.

पायोनियर कंपनी.
म्हणजे बंदूक कमी, फावडं जास्त.
रस्ते, चर, तंबूंमागचे खड्डे.
दुसऱ्या पानावर, एकोणीसशे त्रेचाळीसच्या एप्रिलात:
गैरहजर, रजेविना, एकोणीस दिवस.
चौदा दिवस कैद. पगार कापला.

आजा सांगायचा,
दादा आला होता त्या उन्हाळ्यात.
टोलीची हीर अर्धी खणून सोडलेली,
मालगुजाराच्या विहिरीवर आम्हाला वरून पाणी ओतायचे.
दादानं फावड्याला नवी मूठ बसवली अन् उतरला.
मी नऊ वर्षांचा, वरून टोपली ओढायचो.
पाणी लागलं त्या रात्री
त्यानं भात खाल्ला आंबील टाकून,
सकाळी खाट रिकामी.

लग्नात, तेरवीला, जिथे तिथे सांगायचा.
काका हसायचे:
लढाई सोडून कोनी हीर खनाले येते का?
सपन पडलं असन तुले.

आजा गेला मागच्या पोळ्याला.
कागद आला दिवाळीनंतर.

बाबांना वाचून दाखवलं.
ते खाट विणत होते.
दोरी दातात धरूनच म्हणाले,
म्हंजे बुढा खरंच सांगे.
मग बराच वेळ तीच गाठ
सोडत, बांधत बसले.

खाली अजून एक ओळ आहे.
मलेरिया, सप्टेंबर चव्वेचाळीस, फील्ड हॉस्पिटल.
गावाचं नाव लागत नाही,
भिंगातूनही नाही.

नळ आल्यापासून हिरीवर जाळी आहे.
मेमध्ये टाकी कोरडी पडली की
जाळी सरकते, बादल्या येतात.
काल मी वाकून पाहिलं,
मुरुमात पहारीचे घाव आहेत तिरपे,
सगळे एकाच अंगाने.
डावखुरा असेल.
कागदात तसं काही नाही.

आज दुरुस्तीचा अर्ज केला, केंद्रातल्याच कीबोर्डवर.
नावात इस्तारी करावे.
गाव चिचटोला करावे, रामटेके हे आडनाव आहे.
अर्जदाराचे नाते: भावाची नात.
आणखी काही चूक आढळल्यास लिहा, असा
खाली मोठा चौकोन होता.
एकोणीस दिवसांवर कर्सर थोडा वेळ
उघडझाप करत राहिला.
नाही, लिहिलं मी.
बाकी बरोबर आहे.